त्या सिनेमातली निशा आणि माझी माय

'हम आपके हैं कौन' पाहिला नाही असे घर आमच्या खानदेशात शोधून सापडणे कठीण. 5 ऑगस्ट 1994 रोजी हा सिनेमा प्रदर्शित झाला. मुंबईच्या लिबर्टी थिएटरात तो शंभर आठवड्यांच्या वर चालला. निर्मात्यांनी बरेच दिवस त्याची व्हिडिओ कॅसेट बाजारात येऊ दिली नाही. त्यामुळे ज्याला पाहायचा त्याला टॉकीजची पायरी चढावीच लागे. आमच्या वस्तीतल्या ज्या बायांनी लग्न झाल्यापासून टॉकीजचे तोंड पाहिले नव्हते, त्याही डबा बांधून, लेकरे कडेवर घेऊन निघाल्या. आम्हीही गेलो. ते साल 1995, उन्हाळ्याचे दिवस, गाव जळगाव. त्या दिवशी सिनेमा अर्ध्यावर सोडून मी टॉकीजच्या व्हरांड्यात येऊन बसले. तिथे जे ऐकले ते आज तीस वर्षांनंतर लिहून काढते आहे.

आधी आमच्या घराविषयी सांगते. आम्ही मूळचे कामगार घरातले. वडिलांना आम्ही आण्णा म्हणत असू. ते मिलमध्ये होते. मिल बंद पडल्यावर त्यांनी डाळ मिलमध्ये पोती उचलली, सायकलवर भाजी विकली, पण कोणापुढे हात पसरला नाही. घरात माय, मी, आणि माझ्या पाठची एक बहीण व एक भाऊ. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, तिच्या शेजारी तथागताची आणि त्याखाली एक लहानसा फोटो. फोटोतल्या बाईचे डोळे माझ्यासारखे आहेत असे सगळे म्हणत. ती माझी जन्मदाती. 1972 च्या दुष्काळात, दिवाळीच्या सुमारास तापाने ती गेली. मी तेव्हा चौदा महिन्यांची होते. माझे करायला घरात कोणी नाही म्हणून तिच्या धाकट्या बहिणीचे आण्णांशी लग्न लावून दिले. तीच माझी माय. नात्याने मावशी, पण मला बोलता येऊ लागले तेव्हापासून मी तिला मायच म्हणत आले.

ही गोष्ट आमच्या घरात लपवलेली नव्हती. उलट पाहुणेमंडळी जमली की मोठ्या कौतुकाने सांगितली जाई. "बघा, बहिणीच्या लेकरासाठी हिनं केवढा त्याग केला!" माय त्या वेळी चहाची कपबशी पुढे करी आणि आत निघून जाई. ती लाजते आहे असे मला वाटे.

त्या उन्हाळ्यात धाकटी दहावी पास झाली. तिने बक्षीस म्हणून सिनेमा मागितला. आण्णा आले नाहीत. मायने मात्र ठेवणीतली साडी काढली. मी अंगणवाडीत नुकतीच लागले होते. माझ्या मानधनातून बाल्कनीची चार तिकिटे काढली.

सिनेमा तुम्हांला ठाऊकच असेल. कैलाशनाथ नावाचे मोठे उद्योगपती, लग्न न करता त्यांनी दोन पोरके पुतणे वाढवलेले. थोरल्या राजेशसाठी त्याचे मामा स्थळ आणतात ते कैलाशनाथांच्याच जुन्या मित्राच्या, प्रोफेसर चौधरींच्या थोरल्या मुलीचे. मुलगी पूजा, तिची धाकटी बहीण निशा, राजेशचा धाकटा भाऊ प्रेम. थोरल्यांचे लग्न जुळते, आणि लग्नाच्या गडबडीत धाकट्यांचे मन जुळते. एवढीच गोष्ट, पण ती सांगायला तीन तासांहून जास्त वेळ आणि चौदा गाणी.

श्रीमंतांकडे लग्न कसे जुळते ते आम्ही त्या दिवशी डोळे भरून पाहिले. आमच्याकडे स्थळ येते तेव्हा आधी शेजारच्या घरून खुर्च्या मागून आणतात, पोहे फोडणीला पडतात, आणि मुलीचा मामा नेमका ड्यूटीवरून यायचा असतो. तिथे बंगला, पोहण्याचा तलाव, दारात गाड्यांची रांग, मुलीच्या बापाला ना हुंड्याची चिंता ना मंडपाच्या उसनवारीची. व्याही व्याह्याला मिठी मारतो. विहीण हसते. हुंड्याचा घोळ घालणारी एखादी फटकळ मामी सोडली तर त्या घरात कोणाला राग म्हणून येत नाही. आपण तिकीट काढून तीन तास त्या घरात राहून येतो. लोकांना त्यातच समाधान होते. दिवसभर राबून आलेल्या माणसाने तीन तास हसावे, यात वाईट काही नाही.

आणि हसलोही खूप. नवरदेवाचे बूट लपवण्याचा प्रसंग आला तेव्हा सगळी बाल्कनी उभी राहिली. त्याच मोसमात आमच्या वस्तीतही नवरदेवांचे बूट पळवायची लाट आली होती. त्रिशरण-पंचशील झाले, फुले पडली, की मेहुण्या बुटांवर झडप घालीत आणि एक्कावन्न रुपयांवरून घासाघीस चाले. बौद्धाचार्य हसून म्हणत, "बावीस प्रतिज्ञांत बुटाबद्दल काही नाही, चालू द्या." माधुरी दीक्षितची ती जांभळी साडी तर प्रत्येक लग्नात दिसू लागली होती, कोणाच्या अंगावर खरी, कोणाच्या अंगावर आठवडे बाजारातली.

सिनेमात मराठी माणसेही भरपूर. माधुरी आहेच. पूजा झाली रेणुका शहाणे, तिची आई रीमा लागू. संगीतकार रामलक्ष्मण म्हणजे नागपूरचे विजय पाटील. आणि बंगल्यातली कामाची दोन माणसे, लल्लू आणि चमेली, ती झाली लक्ष्मीकांत बेर्डे आणि प्रिया अरुण. माय माझ्या कानाशी लागून म्हणाली, "एवढ्या मोठ्या घरात राबायला मात्र आपला लक्ष्याच सापडला का यांना?" पुढच्या रांगेतल्या बाईनेही ते ऐकले आणि ती मागे वळून हसली. मायला एवढे मोकळे हसताना मी फारशी पाहिली नव्हती.

मग पूजा जिन्यावरून पडते.

तान्हे लेकरू मागे ठेवून ती जाते. निशा ते लेकरू सांभाळायला येते. घरातली मोठी माणसे एकत्र बसतात. लेकराला सावत्र आई नको, मावशीसारखी माया दुसरी कोण करणार, असे बोलणे होते आणि ठरते की निशाचे लग्न राजेशशी लावायचे. निशाला एवढेच कळते की आपण त्याच घरात सून म्हणून जाणार. ती समजते, नवरदेव प्रेमच. आनंदाने मान डोलावते. पत्रिका हातात आल्यावर नाव वाचते, ते दुसरेच.

जिन्याच्या प्रसंगापासून मायने माझे मनगट धरून ठेवले होते. पत्रिकेच्या प्रसंगाला तिचा हात सुटला. पाहते तर ती उठून अंधारात पायऱ्या उतरत होती. धाकट्यांना बसवून मी मागे गेले. व्हरांड्यात पाण्याच्या टाकीजवळ ती बाकावर बसली होती. मला वाटले, बहिणीची आठवण आली. मी म्हणाले, "माय, फोटोतल्या आईची आठवण आली का?"

ती म्हणाली, "तिची रोजच येते. आज माझी आली."

आणि मग माझ्या माहितीतली ती कौतुकाची गोष्ट मी पहिल्यांदा तिच्या तोंडून ऐकली.

1972 साली ती सतरा वर्षांची होती. धुळ्याला अकरावीत, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकच्या वर्गात शिकत होती. आमच्या आजोळी तोवर एकही मुलगी मॅट्रिकपर्यंत पोचली नव्हती. बहीण आजारी असताना दवाखान्यात तिने पांढऱ्या कपड्यांतल्या नर्सबाई पाहिल्या होत्या आणि मनाशी ठरवले होते की आपणही नर्स व्हायचे. बहीण गेली. महिना-दीड महिन्याने आजोबा म्हणाले, चल, जळगावला जाऊन लेकराला बघून येऊ. तिला वाटले, आठ-पंधरा दिवस राहायचे आहे. लेकरू झोपले की अभ्यास करता येईल म्हणून तिने पिशवीत दोन लुगडी आणि बाकी सगळी वह्या-पुस्तके भरली.

"दुसऱ्या दिवशी सकाळी पांढरी साडी समोर आली," माय म्हणाली. "मी विचारलं, कोणाचं लग्न आहे? तुझी आत्या म्हणाली, वेडी का तू, तुझंच."

मी गप्प बसले. काय बोलणार? ती पुढे म्हणाली, "वंदना झाली. पंचशील घेतलं. दादा, बापू, दोन्हीकडची पंचमंडळी समोर बसलेली. तू माझ्या मांडीवर. नेऊनच बसवलं होतं तुला माझ्या मांडीवर. मग मला विचारलं, हा नवरा तुला पसंत आहे का? आता सांग, तिथं काय बोलायचं असतं?"

आत गाणे सुरू झाले होते. तिने डोळे पुसले, उठली, आणि दारापाशी थांबून म्हणाली, "त्या पोरीला कुत्रं तरी भेटलं."

मला अर्थ कळला नाही. आत जाऊन शेवट पाहिला तेव्हा कळला. निशा प्रेमसाठी चिठ्ठी लिहिते, सोबत पूजाने दिलेला हार ठेवते. टफी नावाचा घरातला कुत्रा ती चिठ्ठी नेमकी राजेशकडे नेतो. राजेश शहाणा, तो बाजूला होतो, आणि सगळे गोड होते. सुरुवातीला क्रिकेटच्या खेळात त्याच कुत्र्याला पंच केलेले असते. शेवटचा निकालही तोच देतो. एवढी सगळी शिकलेली, मोठ्या मनाची माणसे त्या बंगल्यात, प्रोफेसर काय, उद्योगपती काय. पण पोरीच्या मनात काय आहे हे विचारायचे एकालाही सुचले नाही. मुक्या जनावराने ते काम केले. टॉकीजमध्ये टाळ्या पडल्या. मी मात्र मायच्या पिशवीतल्या पुस्तकांचा विचार करत होते.

पुढे मला कळले की ही गोष्ट मुळात बंगल्याची नाहीच. याच राजश्रीवाल्यांचा 1982 चा 'नदिया के पार' आधीचा. त्यात आपला सचिन आणि साधना सिंह. केशवप्रसाद मिश्र यांच्या 'कोहबर की शर्त' या हिंदी कादंबरीवरून तो काढलेला. उत्तर प्रदेशातली खेडी, शेतकऱ्यांची साधी घरे, नदी, बैलगाडी. तिथेही थोरली बहीण मरते आणि धाकटीला तिच्या जागी उभे करतात. बारा वर्षांनी तीच गोष्ट बंगल्यात राहायला गेली. झोपडीत असो की बंगल्यात, पोरीची खोली बदलत नाही. तिला विचारायचे नसते, फक्त कळवायचे असते.

आणि आपण? आपल्या बापजाद्यांनी 1956 साली धम्म घेतला. लग्नातला होम गेला, मुहूर्त गेला, भटजी गेला, मंगलाष्टकांची जागा वंदनेने घेतली. पांढरी वस्त्रे, फुले, प्रतिज्ञा. थोड्या खर्चात, थोड्या वेळात, माणसाला शोभेल असे लग्न. मला त्याचा अभिमान आहे. 20 जुलै 1942 रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या बायांना सांगितले होते की मुलींच्या लग्नाची घाई करू नका आणि लग्न झालेल्या मुलीने नवऱ्याची मैत्रीण म्हणून, बरोबरीने उभे राहावे, दासी म्हणून नव्हे. हिंदू कोड बिलासाठी त्यांनी 1951 साली मंत्रिपदावर पाणी सोडले. त्या बिलातून पुढे 1955 चा विवाह कायदा आला, जो आपल्यालाही लागू आहे. त्यात मुलीचे वय पंधरा होते. अठराची अट 1978 मध्ये आली. म्हणजे मायचे लग्न कायद्याने चुकीचे नव्हते. विधीनेही चुकीचे नव्हते. प्रतिज्ञा झाली, संमती विचारली गेली, साक्षीला पंचमंडळी होती. सगळे रीतसर. फक्त संमती विचारण्याची जागा चुकली होती. ज्या प्रश्नाला 'नाही' म्हणायची सोय नसते, तो प्रश्नच नसतो.

सिनेमानंतर महिनाभरात मला स्थळ आले. चहापाणी झाले, आण्णांना पसंत पडले, मध्यस्थ तारीख धरायला निघाले. मायने मला चुलीमागे बोलावले, परकराला हात पुसले आणि विचारले, "तुला काय वाटतं? नाही म्हणालीस तर मी बाहेर जाऊन सांगते, तू बाहेर यायचं नाही." मी नाही म्हणाले. ती बाहेर गेली. मध्यस्थ रागावून गेले, आण्णा दोन दिवस बोलले नाहीत. पुढच्या वर्षी दुसरे स्थळ आले तेव्हा तिने तसेच विचारले, आणि मी हो म्हणाले. तो संसार आजही चालू आहे.

खरी परीक्षा 1998 साली झाली.

माझ्या धुळ्याच्या मामाची थोरली मुलगी त्या वर्षी उन्हाळ्यात काविळीने गेली. आठ महिन्यांचा मुलगा मागे राहिला. मामाची धाकटी तेव्हा एकोणीस वर्षांची, नर्सिंगच्या कोर्सला नुकतीच लागलेली. पुढचे तुम्ही ओळखले असेल.

31 जुलैला आम्ही जळगावहून निघालो. 1937 साली याच तारखेला बाबासाहेब धुळ्याला आले असता लळिंग किल्ल्यावरच्या लांडोर बंगल्यात राहिले होते. त्याची आठवण म्हणून दरवर्षी त्या दिवशी तिथे आपले लोक जमतात. आमच्या आजोळची सगळी मंडळी न चुकता जात. पाऊस पडून गेला होता, लळिंगचा डोंगर हिरवागार होता, भीमगीते चालू होती. सगळे नातेवाईक एका ठिकाणी सापडतात म्हणून बऱ्याच घरांची बोलणीही त्याच दिवशी होतात. संध्याकाळी मामाच्या घरी बैठक बसली. जावयाचे वडील, चुलते, दोन जाणती माणसे, मामा. बाजेवर पुरुष, ओट्यावर बाया. शेवभाजीचा वास येत होता. पोरगी आत भाकरी थापत होती, बाळ तिच्या पाठीशी झोळीत.

बोलणे तेच. लेकराला सावत्र आई नको. मावशीसारखी माया कोण करणार. घरातले नाते घरात राहील. देण्याघेण्याचा प्रश्न नाही. सगळे खरे होते, आणि सगळे मायेनेच बोलत होते. कोणी दुष्ट नव्हते. सिनेमातल्या कैलाशनाथासारखीच भली माणसे. मामाचे डोळे पाणावलेले होते. "मग ठरलं म्हणा," एक जण म्हणाले.

ओट्यावरून माय बोलली. अहिराणीतच बोलली, कारण माहेरी तिची तीच भाषा. "पोरले इचारं का?"

सगळे तिच्याकडे बघू लागले. मामा म्हणाला, "ती काय नाही म्हणणार आहे? तिच्या बहिणीचं लेकरू आहे ते."

माय उठून अंगणात आली. "दादा, बाहत्तर साली तू बैठकीत होतास. मला विचारलं होतंस?"

मामा चपापला. "तेव्हा तू काही बोलली नाहीस."

"तेव्हा कोणी विचारलं नाही."

पंचवीस वर्षांत हा विषय त्या घरात कधी निघाला नव्हता. जावयाचे वडील चुळबुळ करू लागले. एक चुलते म्हणाले, "ताई, तुमचा संसार काही वाईट झाला का?" माय म्हणाली, "नाही झाला. पण म्हणून माझी सही दुसऱ्यानं करायची का?"

मग ती आत गेली, पोरीचे पिठाचे हात धुतले, तिला मागच्या दारी नेले. आतून कडी लावून घेतली. मी झोळीला झोका देत बसले. दहा मिनिटांनी दोघी बाहेर आल्या. पोरगी थरथरत होती, पण बोलली. "मी बाळाला जन्मभर माझा म्हणेन. पण दाजी मला दाजीच वाटतात. लग्न नको. मला कोर्स पुरा करायचा आहे."

कोणी ओरडले नाही. बराच वेळ कोणी काही बोलले नाही. शेवटी जावयाचे वडील म्हणाले, "पोरगी बोलली ते बरं झालं. नंतर बोलली असती तर काय केलं असतं?" तो म्हातारा फार शिकलेला नव्हता. मला तो प्रोफेसरापेक्षा शहाणा वाटला.

मग खरी अडचण उभी राहिली, कारण नुसते नाही म्हणून लेकरू वाढत नाही. रात्री उशिरापर्यंत बसून त्यावरही तोड काढली. बाळ दोन वर्षे आजोळी राहील, जावई दरमहा खर्च देतील, दर रविवारी भेटायला येतील. मामीला जड गेले. रात्री-अपरात्री तिने लेकरू सांभाळले, पोरगी ड्यूटीवरून आली की तिने सांभाळले. दोन वर्षांनी जावयाने वधू-वर परिचय मेळाव्यात एका विधवा बाईशी ओळख करून घेतली. तिलाही एक मुलगी होती. दोघांनी एकमेकांशी दोनदा बोलून, मग लग्न केले. पोरगी नर्स झाली, पुढे आपल्या पसंतीने लग्न करून संसाराला लागली. आणि तो मुलगा आता मोठा होऊन कमावता झाला आहे. भाऊबीजेला मावशीकडे जातो, सावत्र बहिणीकडेही जातो. सावत्र हा शब्द त्यांच्या तोंडी येत नाही, मी लिहिण्यापुरता वापरला.

पण मला खरे सांगायचे आहे ते त्या रात्रीनंतरचे.

दुसऱ्या दिवशी आम्ही एस.टी.ने परत निघालो. पारोळा गेले तरी माय खिडकीबाहेर बघत होती. तीन वर्षांपूर्वी टॉकीजच्या व्हरांड्यात जो प्रश्न माझ्या घशात अडकला होता, तो एरंडोलच्या अलीकडे मी विचारला. सिनेमाच्या नावातच तो प्रश्न आहे. आम्ही तुमचे कोण लागतो?

मी म्हणाले, "माय, तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस. मग मी कुठे असते? मी तुला नको होते का?"

ती माझ्याकडे वळली. रागावली नाही. म्हणाली, "तू दीड वर्षाची नव्हतीस तेव्हा. माझ्या गळ्यात हात टाकून झोपायचीस. विचारलं असतं तर मी कदाचित होच म्हटलं असतं. परीक्षा देते, मग करते, असं म्हटलं असतं. पण ते हो माझं असतं. आता लोक म्हणतात त्याग केला. त्याग करायला आधी आपल्या हातात काही द्यावं लागतं बाई."

मग थोडे थांबून म्हणाली, "तू मला नको असतीस तर काल मी तिथं बोलले असते का?"

एस.टी.त गर्दी होती. मी तिच्या खांद्यावर डोके ठेवले आणि जळगाव येईपर्यंत तसेच राहू दिले.

आण्णा आता नाहीत. ते वाईट नव्हते. त्यांनाही कोणी विचारले नव्हते, हे मला फार उशिरा सुचले. पंचवीस वर्षांचा बायको गमावलेला तो माणूस, त्याच्या समोरही एके सकाळी पांढरे कपडे ठेवले गेले असतील. माय सत्तरीत आहे. 1999 साली, वयाच्या चौवेचाळिसाव्या वर्षी तिने बाहेरून दहावीचा फॉर्म भरला. गणितात दोनदा गेली, तिसऱ्यांदा निघाली. मॅट्रिकची ती पुस्तके मात्र आता उरली नाहीत. त्या दुष्काळात कधीतरी ती रद्दीत घालून ज्वारी आणली होती, असे ती सांगते.

सिनेमा अजून टीव्हीवर लागतो. रीमाबाई गेल्या, लक्ष्या तर 2004 सालीच गेला, पण पडद्यावर सगळे तसेच हसत असतात. परवा माझ्या मुलीबरोबर बसून माय तो पाहत होती. बूट पळवण्याला दोघी हसल्या. जिना आला, पत्रिका आली. या वेळी माय उठली नाही. माझी मुलगी चिडून म्हणाली, "आजी, ही निशा सरळ सांगत का नाही सगळ्यांना?"

माय म्हणाली, "तिला विचार ना, ती तुझ्या पुढंच बसलीय." मग मुलीचा चेहरा पाहून हसली आणि तिला जवळ घेऊन पहिल्यापासून सांगू लागली.

भगिनींनो आणि बंधूंनो, तुमच्याही घरी स्थळे येत असतील, मेळाव्याचे फॉर्म भरले जात असतील. मुलीला विचारतो असे सगळेच म्हणतात. एकदा मनाशी आठवून पाहा, कधी विचारले आणि कुठे विचारले? पाहुण्यांसमोर पोह्यांची बशी तिच्या हातात असताना विचारले, की आदल्या रात्री मागच्या दारी, कडी लावून, 'नाही म्हणालीस तर मी सांगेन' असे बोलून विचारले? लग्न जमवणाऱ्यांनी मुलालाही तसेच विचारावे. दहा मिनिटे लागतात, पैसे लागत नाहीत.

जय भीम.